वाचकांचे प्रश्न : गाडीत पडलेली वस्तू कशी काढावी?

गेल्या अंकात स्पार्क प्लग घरी कसे बदलावेत, याविषयी या सदरात लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बऱ्याच पत्रांत प्लगचा उल्लेख केवळ निमित्तापुरता आहे. खरी अडचण आहे ती काम करता करता हातातून निसटून गाडीत कुठेतरी गेलेल्या वस्तूची. ही शक्यता मी त्या लेखात धरली नव्हती. ती धरायला हवी होती. म्हणून या वेळचे सदर याच प्रश्नाला दिले आहे.

प्रश्न : आमची पेट्रोलवर चालणारी छोटी मोटार नऊ वर्षांची आहे. तिची देखभाल मी आणि माझा अकरावीतला मुलगा जमेल तेवढी घरीच करतो. रविवारी आम्ही प्लग बदलायला घेतले. चारही कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारे, प्लगवरच बसणारे भाग) काढून त्यांचे बोल्ट इंजिनाच्या वरच्या कव्हरवर ठेवले होते. तिसरा प्लग सोडवून वर काढला आणि पान्याचा धक्का लागून एक बोल्ट घरंगळला. ‘टण्ण’ असा आवाज आला, पण तो प्लगच्या भोकात गेला की बाहेरून खाली पडला, हे दोघांपैकी कोणालाच दिसले नाही. लांब दांड्याचे लोहचुंबक आत घालून पाहिले, हाती काही लागले नाही. शेजारच्या एका गृहस्थांना गाड्यांची चांगली माहिती आहे. ते म्हणतात की, चारही प्लग काढलेले असताना दोन-तीन सेकंद स्टार्टर मारला, तर आतल्या हवेच्या जोराने बोल्ट आपोआप बाहेर उडेल. तसे करावे का? गाडी दोन दिवस तशीच उभी आहे. — एक वाचक, कराड

उत्तर : स्टार्टर मुळीच मारू नये. दोन दिवस आपण किल्लीला हात लावला नाही, हे फार चांगले केले. बोल्ट समजा आत गेलेलाच असला, तरी इंजिन फिरत नाही तोवर आत काहीही बिघडत नाही. तो पिस्टनच्या माथ्यावर पडून राहतो, दोन दिवस काय आणि दोन महिने काय. नुकसान होते ते किल्ली फिरवल्यावर. पिस्टन पूर्ण वर येतो तेव्हा त्याचा माथा आणि हेड, म्हणजे सिलिंडरवरचे झाकण, यांच्यात कडेच्या बाजूला जेमतेम एखादा मिलिमीटर जागा उरते, आणि ज्या बोल्टला दहा नंबरचा पाना लागतो त्याचे नुसते डोकेच चार मिलिमीटर जाड असते. स्टार्टर इंजिनाला मिनिटाला साधारण २०० फेरे देतो, म्हणजे शेजाऱ्यांनी सुचवलेल्या तीन सेकंदांत पिस्टन दहा वेळा वर येईल आणि मध्ये सापडलेला बोल्ट दहा वेळा हेडवर ठेचला जाईल. पिस्टन आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमचे असतात आणि बोल्ट पोलादाचा असतो, त्यामुळे खड्डे कशाला पडणार हे उघड आहे. त्यातच उघड्या व्हॉल्व्हच्या, म्हणजे हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपेच्या, तोंडात बोल्ट सापडला तर व्हॉल्व्ह वाकतो आणि मग हेड उतरवल्यावाचून गत्यंतर राहत नाही.

शेजाऱ्यांनी हा उपाय कुठेतरी पाहिलेला असणार. प्लगच्या भोकात काजळीचे किंवा मातीचे बारीक कण पडले, तर चारही प्लग काढून इंजिन क्षणभर फिरवून ते बाहेर फेकण्याची पद्धत आहे. परंतु बोल्ट हवेबरोबर उचलला जाईल, भोकाच्या रेषेत सरळ उभा राहील आणि मग बाहेर येईल, अशी अपेक्षा धरता येत नाही. आणि चुकून आलाच, तर तो भोकावर वाकून पाहणाऱ्याच्या डोळ्यावर येईल.

आता शोधाकडे वळू. प्रथम बॅटरीची ऋण बाजूची तार सोडवून बाजूला बांधून ठेवावी आणि स्टिअरिंगवर ‘इंजिन सुरू करू नये’ अशी ठळक चिठ्ठी लावावी. चिठ्ठी अनावश्यक वाटेल, पण काम दोन-तीन दिवस लांबले की घरातले कोणीतरी गाडी सावलीत घ्यावी म्हणून सहज किल्ली फिरवते, आणि त्या एका क्षणासाठीच हा बंदोबस्त आहे. हातातली अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवावे. उरलेल्या तीन भोकांत जुने प्लग हाताने दोन-चार आटे फिरवून बसवावेत, म्हणजे शोधाच्या धांदलीत आणखी काही आत जाणार नाही.

त्यानंतर बोल्ट आत जाऊ शकतो का, हे मोजून पाहावे. बाकीच्या कॉइलचे तीन बोल्ट आपल्याकडे आहेत आणि ते हरवलेल्या बोल्टची जुळी भावंडे आहेत. दहा नंबरच्या षटकोनी डोक्याची कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतची रुंदी साधारण साडेअकरा मिलिमीटर भरते. आपला प्लग १४ मिलिमीटर आट्यांचा असेल, तर त्याच्या भोकाची आतली मोकळी रुंदी साडेबारा मिलिमीटरच्या थोडी वर असते, म्हणजे तो बोल्ट डोक्यासकट आत जाऊ शकतो. प्लग १२ मिलिमीटर आट्यांचा असेल, तर मोकळी रुंदी साडेदहाच्या जवळपास असते. अशा भोकात बोल्टचा दांडा उतरेल, पण डोके तोंडाशीच अडकेल आणि विजेरीच्या उजेडात ते दिसेल. डोक्याखाली थाळीसारखी रुंद कड असलेला बोल्ट असेल, तर तो १४ च्या भोकातूनही बहुधा जाणार नाही. बोल्टला सुटा वायसर असेल तर तोही मोजावा आणि तो जागेवर आहे का ते पाहावे. पुष्कळदा माणसे बोल्ट शोधतात आणि वायसर विसरतात. कॅलिपर नसला तर मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी पुरेशी आहे.

बोल्ट आत जाऊ शकतो असे मापावरून ठरले, तरी तो आत गेलाच असे होत नाही. माझ्या अनुभवात असे हरवलेले बहुतेक बोल्ट बाहेरच सापडले आहेत: गिअरबॉक्सच्या माथ्यावर, इंजिनाच्या पायाच्या बेचक्यात, बॅटरीच्या ट्रेखाली, सायलेन्सरच्या नळीवरच्या पत्र्यामागे, आणि सर्वांत जास्त वेळा गाडीच्या पोटाशी असलेल्या प्लॅस्टिकच्या आवरणात. वरून पाहिले तर हे आवरण दिसतही नाही. ज्या जुळ्या बोल्टचे माप घेतले त्यालाच हातभर मजबूत दोरा बांधावा, प्लगच्या भोकावर जाड फडके घालावे आणि जिथून पहिला बोल्ट घरंगळला तिथून हा हळूच सोडावा. तो कोणत्या वाटेने जातो आणि कशावर आपटून कसा आवाज करतो, हे दोघांनी लक्ष देऊन ऐकावे. रविवारचा ‘टण्ण’ आवाज कानात ताजा असेल, तर या एका प्रयोगाने अर्धा शोध संपतो. गाडीखाली जाण्याची वेळ आली, तर केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, मुलाने तर मुळीच, शिरू नये. पक्क्या जमिनीवर भक्कम स्टँड लावले आणि मागच्या चाकांना अडणी लावली, तरच खाली जावे. त्यापेक्षा गॅरेजच्या रॅम्पवर नेऊन आवरण उघडणे सोपे, असे कोणाला वाटेल. पण आपल्या बाबतीत तो मार्ग बंद आहे, कारण आत काही नाही याची खात्री होईपर्यंत ही गाडी चालवत कुठेही न्यायची नाही.

आत पाहण्यासाठी मोबाइलला जोडायचा तारेसारखा कॅमेरा मिळतो. त्याचे डोके साडेपाच मिलिमीटर जाडीचे असेल तर ते १२ च्या भोकातूनही सहज उतरते, आणि टोकाशी स्वतःचे दिवे असतात. माझ्या विद्यार्थिदशेत ही सोय नव्हती. आम्ही दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसल्या छोट्या आरशाने आणि अंदाजाने काम करत असू. कॅमेरा मिळेपर्यंत एक साधी चाचणी करता येते. एका रेषेत चार सिलिंडर असलेल्या इंजिनात दुसरा आणि तिसरा पिस्टन बरोबरीने वर-खाली होतात, त्यामुळे या दोन सिलिंडरांची खोली नेहमी सारखी असते. न मोडणारी, गुळगुळीत, लांब प्लॅस्टिकची काडी आधी दुसऱ्या भोकात अलगद टेकवून खूण करावी आणि मग तिसऱ्यात टेकवावी. तिसऱ्यात ती आधीच टेकली, तर तिच्याखाली काहीतरी आहे. खोली सारखी भरली तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण बोल्ट पिस्टनच्या कडेला आडवा पडलेला असू शकतो. ती खात्री कॅमेराच देतो.

लोहचुंबकाला काही लागले नाही, त्याची दोन-तीन कारणे संभवतात. तिसरा पिस्टन खाली असेल तर तो त्याच्या सर्वांत वरच्या जागेपासून सात-आठ सेंटिमीटर खोल असतो आणि आपल्या चुंबकाचा दांडा तिथवर पोहोचलाच नसेल. पोहोचला असेल, तर तो वाटेतच सिलिंडरच्या बिडाच्या भिंतीकडे किंवा व्हॉल्व्हकडे ओढला गेला असेल, कारण पिस्टन ॲल्युमिनियमचा असला तरी भिंत आणि निदान काही व्हॉल्व्ह चुंबकाला धरतात. चुंबकाच्या बाजूंवरून घट्ट बसणारी प्लॅस्टिकची नळी चढवून फक्त टोक उघडे ठेवले, तर ही ओढ पुष्कळ कमी होते. आणखी एक गोष्ट आधी करावी: जुळा बोल्ट चुंबकाला चिकटतो का ते पाहावे. कॉइलचे बोल्ट बहुतेक वेळा चिकटतात, पण कोणी पूर्वी स्टेनलेस स्टीलचे बोल्ट बसवले असतील तर ते चिकटणार नाहीत किंवा जेमतेम चिकटतील, आणि मग तासभर चुंबक फिरवून उपयोग नाही. अशा वेळी दाबले की टोकाला तीन-चार नख्या उघडतात असा लवचीक चिमटा हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, तो वापरावा. तारेच्या टोकाला सुटे चुंबक डिंकाने चिकटवून आत घालण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण डिंक सुटला की आत एकाच्या दोन वस्तू होतात.

गावाकडे विहिरीत घागर पडली की गळ टाकून ती काढत, हे आपण पाहिले असेल. गळ टाकणारा माणूस घाई करत नाही. दोर हळू फिरवतो, घागरीच्या काठाला आकडा लागल्याचे हाताला जाणवले की क्षणभर थांबतो आणि मग ओढतो. इथेही तेच करायचे आहे. बोल्ट चुंबकाला मध्यावर आडवा चिकटला असेल तर भोकाच्या तोंडाशी तो अडेल आणि झटका दिला की पुन्हा खाली पडेल. त्याला डोक्याकडून किंवा टोकाकडून धरले जाईपर्यंत चुंबक अलगद टेकवत आणि उचलत राहावे. कॅमेरा आणि चुंबक एकाच भोकातून मावत नसतील, तर कॅमेऱ्याने जागा पाहून घ्यावी, तो काढावा, मग चुंबक घालावे. घरातला व्हॅक्यूम क्लीनर या भोकाला लावू नये. आत पेट्रोलची वाफ असू शकते, ती मशीनच्या मोटारीपर्यंत गेली आणि तिथे ठिणगी उडत असली तर आग लागते.

बोल्ट निघाल्यावर लगेच प्लग बसवून मोकळे होऊ नये. चारही बोल्ट, वायसर आणि जुने प्लग कागदावर मांडून मोजावेत. जुन्या प्लगची पांढरी चिनी माती अखंड आहे का तेही पाहावे, कारण तिचा टवका आत गेला असेल तर तो चुंबकाला लागत नाही आणि सिलिंडरच्या भिंतीवर चरे पाडण्याइतका कठीण असतो. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, चारही प्लग काढलेले असताना, क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावे. दोनच का, तर या इंजिनाचे एक आवर्तन दोन फेऱ्यांत पुरे होते आणि तेवढ्यात प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडून मिटतो. कुठेही टणक अडल्यासारखे वाटले तर तिथेच थांबावे. जोर करू नये. सहज फिरले तर नवे प्लग रबरी नळीच्या टोकात धरून हाताने आट्यांवर चढवावेत, म्हणजे आटे वाकडे बसण्याची भीती राहत नाही.

कॅमेऱ्यात बोल्ट दिसतो आहे पण निघत नाही, किंवा बाहेर आणि आत दोन्हीकडे सापडत नाही, अशी वेळ आली तर मेकॅनिकला घरी बोलवावे किंवा गाडी ओढून न्यावी. त्याला घडले ते सगळे सांगावे, चुंबक घातले होते हेसुद्धा. संकोचाने ‘गाडी सुरू होत नाही’ एवढेच सांगितले, तर तो पहिले काम स्टार्टर मारण्याचेच करील.

मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटर मेकॅनिकच्या वर्गाला शिकवत असे, तेव्हा प्रत्येक मुलासमोर स्टीलची एक थाळी असे आणि काढलेला प्रत्येक नट-बोल्ट थाळीतच जाई. इंजिनाच्या कव्हरवर काही ठेवलेले दिसले की काम थांबवून पुन्हा मोजणी होई. आपल्या मुलाला ही सवय आत्ताच लावावी. तो हे काम करतो आहे याचा मला मनापासून आनंद आहे, आणि या एका बोल्टमुळे त्याचा हात मागे येऊ नये.

प्रश्न : गाडीच्या एसीचा फिल्टर बदलताना त्याच्या झाकणाचा एक लहान स्क्रू फिल्टरच्या खाचेतून खाली पडला. फिल्टर बसवला आणि पंखा लावला, तर कट-कट-कट असा आवाज आला म्हणून लगेच बंद केला. आता पंखा न लावता गाडी वापरतो आहोत. यात काही धोका आहे का, आणि स्क्रू काढण्यासाठी डॅशबोर्ड उघडावा लागेल का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : हा फिल्टर केबिनमध्ये येणाऱ्या हवेचा आहे, इंजिनात जाणाऱ्या हवेचा नाही, त्यामुळे इंजिनाला धोका नाही. बोनेटखालच्या एअर फिल्टरच्या डब्यात, फिल्टरच्या पलीकडच्या बाजूला स्क्रू पडला असता तर मी आपल्याला गाडी जागेवरून हलवू नका असे सांगितले असते. आपला स्क्रू ब्लोअरच्या पिंजऱ्यासारख्या प्लॅस्टिकच्या पंख्यात पडला आहे. पंखा फिरवत राहिल्यास त्याची पाती तुटतील आणि तोल गेलेला पंखा मोटारीचे बेअरिंग खाईल, तेवढे टाळावे. पावसाळ्यात मात्र पंख्यावाचून समोरच्या काचेवरचे धुके जात नाही, म्हणून काम फार दिवस लांबवू नये.

डॅशबोर्ड उघडण्याची गरज बहुधा पडणार नाही. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत ब्लोअर डाव्या बाजूला, सामानाच्या कप्प्याच्या मागे किंवा खाली असतो आणि त्याची मोटार खालच्या बाजूने काही स्क्रूंवर धरलेली असते. गाडी बंद करून, बॅटरीची तार काढून, मोटारीचा विजेचा जोड सोडवावा आणि एका हाताने मोटार खालून धरूनच शेवटचा स्क्रू काढावा. ती पंख्यासकट खाली येते आणि बहुतेक वेळा हरवलेला स्क्रू पंख्याच्या पोटातच असतो. सोबत वाळकी पाने आणि धूळही निघेल, ती पुसून घ्यावी. त्याआधी फिल्टर काढून त्याच्या खाचेतून विजेरी आणि चुंबक वापरून पाहायला हरकत नाही, दहापैकी काही वेळा तेवढ्यानेच काम होते. या भागात पिवळ्या रंगाचे जोड किंवा पिवळी वेष्टणे दिसली तर त्यांना हात लावू नये. ती एअरबॅगची वायरिंग असते. पुढच्या वेळी फिल्टर बाहेर काढल्याबरोबर खाचेत एक फडके खोचावे आणि त्याचे टोक बाहेर लोंबते ठेवावे.

प्रश्न : सीटची कव्हरे धुण्यासाठी काढत असताना आईची मोत्यांची कुडी कानातून सुटून ड्रायव्हरच्या सीटच्या आणि मधल्या हँडब्रेकच्या फटीत गेली. सीट पुढे-मागे करून पाहिली, मिळाली नाही. सीट काढून पाहावी असे भावाचे म्हणणे आहे. चुंबकाने निघेल का? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : सोने आणि मोती, दोन्ही चुंबकाला लागत नाहीत, त्यामुळे तो प्रयत्न करू नये. यापुढे सीट पुढे-मागेही करू नये. सीट ज्या रुळांवर सरकते त्यांच्या खाचेत कुडी असेल, तर सोन्याची तार वाकेल आणि मोती चिरडेल. सीट आहे तिथेच ठेवून, मागच्या सीटसमोर पायाशी बसून, विजेरी जमिनीलगत आडवी धरावी. उजेड वरून टाकला की सगळे सारखे दिसते, आडवा टाकला की बारीक वस्तूचीही लांब सावली पडते आणि मोती चमकतो. सीटखालच्या गालिच्याला रुळांजवळ चिरा असतात आणि काही गाड्यांत एसीची हवा मागे नेणारी नळी तिथूनच जाते. त्या दोन्ही जागा बोटांनी चाचपाव्यात. फट हात जाण्याइतकी नसेल तर व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीच्या तोंडावर पातळ, विरळ विणीचे कापड किंवा नायलॉनचा मोजा ताणून रबराने घट्ट बांधावा आणि कमी जोरावर नळी फिरवावी. कुडी कापडाला येऊन चिकटेल, पिशवीत जाणार नाही. गाडी आधीच व्हॅक्यूमने साफ केली असेल, तर सर्वप्रथम ती पिशवी वर्तमानपत्रावर रिकामी करून बोटांनी चाळावी.

सीट काढणे हा शेवटचा मार्ग आहे आणि तो घरी करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. वरवर पाहता सीट चार बोल्टांवर उभी असते, पण तिच्याखालून वायरिंग गेलेली असते. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडच्या नव्या मोटारींना चालकाची एअरबॅग आणि पुढच्या दोन्ही सीटबेल्टची आठवण देणारी यंत्रणा सक्तीची झाली, त्यामुळे अलीकडच्या प्रत्येक गाडीत सीटच्या आसपास निदान एक तरी विजेचा जोड सापडतो, आणि बाजूची एअरबॅग असलेल्या सीटखाली पिवळा जोडही असतो. तो सोडवण्यापूर्वी बॅटरी काढून पुस्तिकेत दिलेला वेळ थांबावे लागते, आणि तो सुटलेला असताना किल्ली फिरवली तर एअरबॅगचा दिवा पेटतो आणि मग तो विझवायला गॅरेजचे यंत्र लागते. शिवाय अपघातात माणसाचा भार ज्या बोल्टांवर येतो ते बोल्ट ठरावीक जोरानेच आवळावे लागतात. गॅरेजमध्ये हे काम फार वेळाचे नाही. आईंना सोबत न्यावे आणि सीट निघाल्यावर झाडलोट करण्याआधी त्यांनाच पाहू द्यावे.

एक गोष्ट तातडीची आहे. शोधताना विजेरी, पेचकस, पाण्याची बाटली अशी कोणतीही गोष्ट चालकाच्या पायाशी राहिली नाही, हे गाडी सुरू करण्यापूर्वी पाहावे. ती घरंगळत ब्रेकच्या पायट्याखाली गेली, तर ब्रेक दाबला जात नाही.

प्रश्न : इंजिन ऑइल घरी बदलताना नव्या डब्याच्या तोंडावरचे चंदेरी सील पेचकसने फोडले. ओतताना सीलचा एक फाटका तुकडा तेलाबरोबर इंजिनात गेला असे वाटते. अजून इंजिन सुरू केलेले नाही. पातळ कागदासारखा तुकडा आहे, तो आत विरघळून जाईल का? — एक वाचक, नांदेड

उत्तर : तो विरघळणार नाही. हे सील ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचे आणि प्लॅस्टिकच्या थराचे असते आणि गरम तेलातही ते तसेच राहते. इंजिनाच्या तळाशी तेलाचा पंप जिथून तेल ओढतो तिथे एक जाळी असते. हलका, पसरट तुकडा तिथपर्यंत गेला तर नेमका त्या जाळीवर जाऊन बसतो आणि तेलाची वाट अडवतो. आत पडलेल्या एखाद्या नटापेक्षा मला या तुकड्याची काळजी जास्त वाटते, कारण तो आवाज करत नाही. म्हणून इंजिन सुरू करू नये.

आधी तुकडा खरोखर आत गेला का, हे ठरवावे. तेल ओतण्याच्या तोंडातून विजेरीने पाहावे. अनेक इंजिनांत या तोंडाखाली काही अंतरावर एक आडवा पत्रा असतो आणि तुकडा त्यावरच चिकटून राहिलेला असतो. लांब चिमट्याने तो अलगद काढता येतो. तुकडा खाली ढकलला जाईल असे काही करू नये आणि वरून आणखी तेल ओतून तो धुऊन काढण्याचा प्रयत्न करू नये. पत्र्यावर नसेल, तर खालचा बोल्ट उघडून तेल स्वच्छ, पांढऱ्या टोपात काढावे आणि बारीक कापडातून गाळावे. तेलाच्या धारेबरोबर तुकडा येऊ शकतो, पण येईलच असे नाही, कारण तो भोकापेक्षा मोठा असेल तर आत मागेच राहतो. तशा वेळी खालचे ऑइल पॅन उतरवून जाळी पाहणे हाच खात्रीचा उपाय आहे आणि ते काम गॅरेजमध्ये, गाडी ओढून नेऊन करावे.

हे सगळे करण्यापूर्वी डब्याच्या तोंडाशी राहिलेली सीलची कड नखाने सोलून काढावी, फनेलमध्ये, डब्याच्या तळाशी आणि जमिनीवर पडलेले सगळे तुकडे गोळा करावेत आणि कागदावर एकमेकांना जुळवून मांडावेत. चकती पूर्ण झाली तर आत काहीच गेलेले नाही आणि झाकण लावून गाडी सुरू करण्यास हरकत नाही. चकतीत जागा रिकामी राहिली, तर तिची रूपरेषा त्याच कागदावर पेन्सिलने काढून ठेवावी. पत्र्यावर, टोपात किंवा जाळीवर जो तुकडा मिळेल, तो त्या रेषेत तंतोतंत बसेपर्यंत शोध थांबवू नये.